लाखोलीची फुलं

सगुणावहिनींनी मला फसवलं, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे त्यांच्याविषयी चार चांगले शब्द लिहिले की लोक म्हणतील, म्हातारी भाबडी दिसते. मी भाबडी नाही. साठी उलटली माझी, सगुणावहिनींना जाऊनही पुष्कळ वर्षं झाली, तरी परसात एखादं झाड मनासारखं फुललं की आधी त्यांची आठवण येते आणि लगेच मागोमाग राग येतो.

कल्याणात पारनाक्याजवळच्या आमच्या आळीत मी लग्न होऊन आले तेव्हा गावात आगगाडी येऊन पंचवीसेक वर्षं झाली होती. शेजारच्या घरातले तात्या रोज सकाळी त्याच गाडीने ठाण्याच्या कचेरीत कारकुनीला जात. सगुणावहिनी त्यांची बायको. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. त्यांना एकच मुलगी, चिमी. आमचं परसू आणि त्यांचं परसू यांच्यामध्ये शेराच्या झुडपांचं कुंपण होतं. आमच्या बाजूला तुळशीवृंदावन, एक केळ, राखेचा ढीग आणि धुणं वाळत घालायची काठी. पलीकडे मात्र नुसते रंग.

त्या परसात काय नव्हतं? पावसाळ्यात तेरडा गुलाबी, पांढरा, जांभळा असा कुंपणाला लागून उभा राही. विहिरीच्या पाटाशी कर्दळ. थंडीत शेवंती आणि झेंडू, बारा महिने जास्वंद आणि अबोली, कोपऱ्यात पारिजातक, आणि मधोमध तात्यांचे म्हणून राखलेले गुलाब. रंगांना त्यांनी स्वतःचीच नावं दिली होती आणि ती सगळी स्वयंपाकघरातली. कर्दळीचा तो तांबडा-पिवळा रंग म्हणजे ‘लोणच्याचा खार’. एका शेवंतीला त्या ‘साईची’ म्हणत आणि दुसरीला ‘जरा करपलेली’. मला अजूनही शेवंती घ्यायची झाली की तोंडात ‘करपलेली द्या’ येतं, आणि फुलवाला माझ्याकडे बघत राहतो.

वहिनी उंच होत्या, हाडापेराने मोठ्या. आवाजही तसाच, कुंपण ओलांडून आमच्या माजघरात येणारा. नखांत सदा माती. माझ्या सासूबाई म्हणत, “सगुणेच्या नखांत अर्धं कल्याण आहे.” सासूबाईंचं सोवळं फार कडक, त्यामुळे त्यांनी कुणाच्या नखांकडे बघितलं की त्या माणसाने हात मागे घ्यावेत अशी आळीची रीत होती. सगुणावहिनी मात्र हात पुढे करून म्हणत, “बघा, आज गुलाबाची आहे, काल झेंडूची होती.”

सकाळी आळीतल्या सात-आठ घरच्या बायका त्यांच्याकडे पूजेची फुलं न्यायला येत. नाही म्हणणं वहिनींना माहीत नव्हतं, पण एक अट होती. “थांबा, आधी बघू दे.” त्या एकेका झाडापाशी उभ्या राहत, उमललेलं फूल न् फूल बघून घेत, मग म्हणत, “हं, तोडा आता.” कुणी घाई केली तर म्हणत, “देव काही घटकाभर उपाशी मरत नाही.” असं बोलायची हिंमत आळीत दुसऱ्या कुणाला नव्हती.

दुपारची भांडी आवरली की त्या पाट घेऊन परसात बसत. हातात वाती नाहीत, पुढ्यात निवडायचे तांदूळ नाहीत. बाईमाणूस रिकाम्या हाताने बसलेलं त्या काळी कुणी पाहिलेलंच नसे. सासूबाईंनी एकदा कुंपणावरून विचारलं, “सगुणे, काय करत्येस गं?”

“बघत्ये.”

“काय बघत्येस?”

“या गुलबक्षीला एकाच फांदीवर पिवळं आलंय आणि तांबडंही. असं कसं झालं असेल हो?”

“होईना का! त्यात बघायचं काय?”

“तेच तर बघत्ये,” वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा बघू लागल्या. सासूबाईंनी मला आत येऊन सांगितलं की शेजारणीला काहीतरी बाधलं आहे.

गुलबक्षी हे त्यांचं घड्याळही होतं. ती उमलू लागली की तात्यांच्या गाडीची वेळ जवळ आली असं धरून त्या चुलीवर भात चढवत. पण आभाळ भरून आलं की गुलबक्षी आपली आधीच उमलते. अशा दिवशी तात्यांना हमखास गारढोण भात मिळे. ते कुरकुरले की वहिनी म्हणत, “फुलं वेळेवर होती. तुमची गाडीच उशिरा आली.”

मला त्यांनी ओढून नेऊन पहिल्यांदा त्या पाटावर बसवलं तेव्हा मी सतराची असेन. पहिलं मूल नुकतंच गेलं होतं. घरात मला कुणी वाकडं बोलत नव्हतं, पण सरळही बोलत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, “मथू, इथे बस. तोडू नकोस, मोजू नकोस, नुसतं बघ.” मी बसले. आधी काही दिसेना. मग हळूहळू त्या तेरड्याच्या जांभळ्या फुलांमधला प्रत्येक जांभळा वेगळा आहे हे दिसायला लागलं. किती वेळ गेला कोण जाणे. उठताना मला बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याची लाजही वाटत होती. हे त्यांचं देणं मी नाकारत नाही.

आता त्यांचा एक दोषही सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. एरवी सरळ असलेली ही बाई झाडांच्या बाबतीत बेलाशक खोटं बोलायची. तात्यांनी एकदा ठाण्याच्या कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावरच्या माळ्याकडून डेलियाचे कंद आणले. थंडीत त्याला बशीएवढी लाल फुलं आली. विलायती फूल, देवाला कसं चालणार? वहिनींनी सरळ सांगून टाकलं की ही काशीकडची शेवंती. आळीतले भटजी साशंक होते. म्हणाले, “अशी शेवंती मी कधी पाहिली नाही.” वहिनी म्हणाल्या, “पण तुम्ही काशी तरी कुठे पाहिलीत?” आणि तो डेलिया महिनाभर आळीतल्या देवांच्या डोक्यावर मिरवला.

पुढच्या वर्षी त्यांनी त्याचे चार कंद आमच्याकडे लावायला दिले. मी ते पानात गुंडाळून स्वयंपाकघरात ठेवले आणि सांगायचं विसरले. दुसऱ्या दिवशी एकादशी. सासूबाईंना वाटलं, रताळी आणलीत. त्यांनी ती उकडली आणि दुधाबरोबर खाल्ली. मला कळलं तेव्हा भांडं रिकामं झालं होतं. मी धावत कुंपणाशी गेले. वहिनी हसून हसून खाली बसल्या. मग डोळे पुसत आमच्याकडे आल्या आणि सासूबाईंना विचारलं, “काशीची रताळी सोसली ना?” सासूबाई म्हणाल्या, “जरा पाणचट होती. पण उपासाला चालतात ना गं?” वहिनी म्हणाल्या, “काशीची म्हटल्यावर चालायलाच हवीत.”

त्या दिवशी मीही पोट धरून हसले होते. कुणाला काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही, हे ही बाई परस्पर ठरवते, आणि आपल्यालाही कधीतरी असंच वागवेल, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

माझं दुसरं मूलही गेलं. तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा सासूबाईंनी घरच्या बाळकृष्णाला लाखोली बोलली. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत, मी माझ्या हाताने, एकेक फूल नाव घेऊन वाहायचं. लाख फुलं. म्हणजे रोजची आठशेच्या वर. एवढी फुलं आणायची कुठून?

सगुणावहिनींनी कुंपणावरून ऐकलं आणि म्हणाल्या, “माझ्याकडून. दुसरीकडे जायचं नाही.” सासूबाई म्हणाल्या, एका जातीचं फूल पुरणार नाही. वहिनी म्हणाल्या, “एकाच जातीचं कशाला? लहान मूल आहे तो बाळकृष्ण, कंटाळेल. आपण त्याला रोज वेगळा रंग देऊ.”

आणि खरोखर दिला. चार महिने उजाडायच्या सुमाराला मी आणि त्या परसात असायचो. एके दिवशी सगळं पांढरं, तगर आणि जुई. एके दिवशी सगळा गुलाबी तेरडा. पारिजातकाचा सडा तर रोजचाच आधार. शंभर फुलं झाली की मी एक चिंचोका बाजूला ठेवी. पावसाची झड लागली आणि पारिजातकाची फुलं चिखलात पडू लागली, तेव्हा वहिनींनी संध्याकाळी झाडाखाली तात्यांची धोतरं पसरली. दुसऱ्या दिवशी तात्या ओलं धोतर नेसून ठाण्याला गेले. मला त्या जड जिवाने वाकू देत नसत. म्हणत, “तू नाव घे देवाचं, पाठ माझी मोडू दे.” सख्ख्या बहिणीने केलं नसतं ते त्यांनी केलं. कार्तिकीला शेवटचं फूल वाहिलं, लोणच्याच्या खाराच्या रंगाची एक कर्दळ, तेव्हा माझ्याआधी त्या रडल्या.

मार्गशीर्षात मला मुलगा झाला. गोरा, मोठ्या कपाळाचा. माघात त्याला ताप आला, तिसऱ्या दिवशी आकडी आली आणि तो गेला. 

याहून जास्त मी त्याबद्दल लिहू शकत नाही.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी मी पहाटे परसात गेले होते. लाखोलीची सवय, त्या वेळेला जाग यायचीच. कुंपणापलीकडून वास आला. कुजलेल्या मासळीचा. आमच्या रांगेत त्या वेळी मासळी खाणारं एकही घर नव्हतं. शेराच्या फटीतून पाहिलं तर खाडीपलीकडच्या कोन गावची चांगी कोळीण डोक्यावर पाटी घेऊन उभी होती आणि तात्या, सोवळ्याचा विचार नाही की काही नाही, दोन्ही हातांनी ती पाटी खाली उतरवून घेत होते. सगुणावहिनी कुदळीने पारिजातकाभोवती चर खणत होत्या. मग तिघांनी मिळून ती सुकी-कुजकी मासळी त्या चरात ओतली आणि वर माती लोटली.

“वास येल दोन दीस,” चांगी म्हणाली. “मंग काय नाय गो बाय. फुलांना वास फुलांचाच.”

ती गेली, तात्या आंघोळीला गेले, आणि मी कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेले.

“वहिनी, हे कधीपासून?”

त्या दचकल्या नाहीत. कुदळ बाजूला ठेवून म्हणाल्या, “गुलाब लावल्यापासून. नऊ-दहा वर्षं झाली.”

“लाखोलीच्या वेळीसुद्धा?”

“त्या वर्षी जरा जास्तच घातलं. लाख फुलं यायला हवी होती ना?”

मला वाटतं मी काहीतरी ओरडले. त्यांनी माझे दंड धरले. “मथू, ऐक. माझ्या माहेरी वसईला आमचा पानमळा आहे. तिथे वेलींना मासळीचं खतच घालतात, वाडवडिलांपासून. तुमच्या देवापुढच्या विड्याची पानं तिथूनच येतात. त्याने कधी देव विटाळला नाही. मूळ काय खातं ते फुलात उतरत नाही गं.”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं तर तू ती वाहिली असतीस का?”

नसती वाहिली. हेच तर माझं म्हणणं होतं आणि आजही आहे. लाखोली माझी, मूल माझं, देवाशी बोलणं माझं. त्यात काय घ्यायचं नि काय नाही हे ठरवायचा हक्क माझा होता आणि तो त्यांनी हसत हसत काढून घेतला, भटजींना डेलिया दिला तसा. माझं बाळ त्या फुलांमुळे गेलं असं मी आज मानत नाही. तेव्हा मानलं. पूर्णपणे मानलं. तशीच घरात गेले आणि सासूबाईंना सगळं सांगितलं.

पुढचं फार लवकर झालं. दुसऱ्या दिवशी आळीच्या टोकाच्या देवळात मंडळी जमली. आम्ही बायका बाजूच्या ओवरीत होतो. ज्या घरांत वहिनींची फुलं जात ती सगळी घरं होती. पारनाक्यावरचे एक गृहस्थही आले होते. त्यांच्या घरी आठवड्यातले चार दिवस मासळी शिजे. तेच सर्वांत जास्त चिडलेले. कुणीतरी तसं बोलून दाखवलं तेव्हा म्हणाले, “आम्ही खातो ते आमच्या पोटात जातं. देवाच्या डोक्यावर नाही ठेवत आम्ही.”

तात्यांना विचारलं. तात्या उभे राहिले आणि म्हणाले, “मला यातलं काही ठाऊक नव्हतं. माझा दिवस ठाण्याला जातो. घरात बायकोने काय केलं ते मला कसं कळणार?”

ज्या गुलाबांचे गुच्छ साहेबाच्या टेबलावर ठेवून हे कारकुनाचे अव्वल कारकून झाले, ते गुलाब कशावर पोसले ते त्यांना ठाऊक नव्हतं! मी सासूबाईंच्या कानाशी म्हटलं, “पाटी तात्यांनीच उतरवली. मी पाहिलंय.” सासूबाईंनी माझं मनगट दाबलं. “पुरुषाचं नाव घ्यायचं नाही. त्यांची नोकरी आहे, मुलगी उजवायची आहे. तिने केलं, ती निस्तरेल.” मी गप्प बसले. मला ते अवघड गेलं असंही नाही. राग ताजा होता.

सगुणावहिनी खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं. तात्या पायांकडे बघत होते. ज्या बाईच्या तोंडाला आळी भीत असे ती बाई पानमळ्याची गोष्टसुद्धा बोलली नाही. एक वाक्य बोलून त्या तात्यांना खोटं पाडू शकल्या असत्या. त्यांनी ते केलं नाही.

ठरलं ते असं. दोघांनी पंचगव्य घ्यायचं, ब्राह्मणभोजन घालायचं. परसातली सगळी झाडं काढायची, हातभर खोल माती उकरून खाडीत टाकायची. आणि वहिनींनी देवासमोर शपथ घ्यायची की असल्या खतावरचं फूल पुन्हा देवाला वाहणार नाही. कुणाची शपथ, असं भटजींनी विचारलं. तात्यांनीच सुचवलं, चिमीची. वहिनींनी पाण्यात हात घालून चिमीची शपथ घेतली.

झाडं काढायला मजूर यायचे त्याच्या आदल्या दिवशी काय व्हावं? आळीतल्या बायका एकेक करून मागच्या दाराने त्यांच्याकडे गेल्या. कुणी म्हणाली, “जास्वंदीची फांदी तेवढी दे गं, स्वच्छ धुऊन घेईन.” कुणाला शेवंतीची मुळाशी फुटलेली मुनवी हवी होती, कुणाला गुलाबाचं कलम. देवळात पदर नाकाला लावून बसलेल्या त्याच बायका. वहिनींनी प्रत्येकीला दिलं, कुठे लावायचं, पाणी किती घालायचं ते सांगितलं. दुपारी सासूबाई मला म्हणाल्या, “जा, पारिजातकाचं एक रोप असेल खाली आलेलं, ते घेऊन ये. आणलंस की गोमूत्र शिंपड.”

मी गेले. मला जायचं नव्हतं, पण गेले. वहिनींनी रोप मुळाशी माती राखून काढलं, केळीच्या सोपात बांधलं. माझ्या हातात देताना म्हणाल्या, “त्या दिवशी पहाटे तू तात्यांना पाहिलं होतंस ना?”

“हो.”

“मग देवळात बोलली का नाहीस?”

“तुम्ही तरी कुठे बोललात?”

“माझं वेगळं,” त्या म्हणाल्या. “चिमीचं लग्न व्हायचंय. तुला काय अडचण होती?”

रोप घेऊन मी घरी आले. दुसऱ्या दिवशी गाड्या भरभरून माती खाडीकडे गेली.

त्यानंतर आठ-नऊ वर्षं सगुणावहिनी त्याच घरात होत्या. परसात नुसती शेणाने सारवलेली जमीन. देवाला त्या तुळस आणि अक्षता वाहत. दुपारचा पाट बाहेर आला नाही. बोलणं हळूहळू सुरू झालं, पण कामापुरतं. आवाज कमी झाला होता. तात्या मात्र तसेच होते, गुच्छाऐवजी साहेबाला आता पेरू नेत होते.

आळीत त्यांच्याच झाडांची लेकरं परसापरसात वाढत होती, पण फुलत नव्हती. पेंड घालून झाली, शेण घालून झालं. आमचा पारिजातक चार वर्षं नुसता पानांचा राहिला. दरम्यान मला मुलगा झाला आणि तो जगला. सासूबाई गेल्या. घरात माझ्यावर बोट ठेवणारं कुणी उरलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला रंगांची भूक लागली होती. बघायची ती सवय लावून दिलेली होती ना! एके सकाळी मी चांगीला मागच्या दाराशी थांबवलं.

चांगीला मुळीच नवल वाटलं नाही. म्हणाली, “आता तुमी पन का गो? या आळीन पाच परसान टाकतंय मी. कोनी कोनाचं नाव काढत नाय.” आणि पाच घरांकडे हनुवटीने खुणा करून दाखवल्या. त्यातलं एक भटजींचं होतं. त्या वर्षीपासून आमचा पारिजातक असा फुलला की सकाळी जमीन दिसेना.

चिमीचं लग्न पनवेलीस झालं होतं. पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली. तिला कळा सुरू झाल्या आणि दोन दिवस झाले तरी सुटका होईना. सुईण हात पुसत बाहेर येऊन बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी सगुणावहिनी कुंपणाशी आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. केस सुटलेले, पदराचं भान नाही.

“मथू, चार फुलं देतेस? देवाला काहीतरी वाहायला हवं. तुळशीने त्याचं मन भरत नाहीसं वाटतं.”

मी ओंजळभर पारिजातक उचलला. त्यांनी हात पुढे केला आणि मधेच थांबवला.

“यात ते खत नाही ना? माझ्यावर चिमीची शपथ आहे. आणि ती आत अशी...”

ज्या बाईने पानाच्या रंगावरून झाडाने काय खाल्लं ते ओळखलं असतं, ती झाडाकडे बघतच नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती. मी फुलं नाहीत म्हणू शकले असते. दुसऱ्या घरून आणून देते म्हणू शकले असते. माझा मुलगा ओट्यावर खेळत होता, विहिरीवर दोघी-तिघी पाणी ओढत होत्या आणि त्यांचे कान इकडेच होते. देवळातली ती ओवरी मला आठवली. मी घाबरले.

“नाही,” मी म्हटलं. “नुसतं शेण.”

“तू सांगितलंस म्हणजे झालं,” त्या म्हणाल्या आणि ओच्यात फुलं घेऊन धावत आत गेल्या.

त्यात माझी भीती किती होती आणि जुना राग किती होता, हे मला आजवर वेगळं काढता आलेलं नाही. पण तासाभराने पलीकडून लहान मूल रडल्याचा आवाज आला.

बाराव्या दिवशी त्या नातीला घेऊन परसात आल्या. कोवळं ऊन होतं. कुंपणापाशी येऊन त्यांनी दुपट्याचं टोक बाजूला करून मला तिचं तोंड दाखवलं. त्यांच्या तोंडावर कित्येक वर्षांत न पाहिलेलं हसू होतं. माझ्याशी इतकं मोकळं बोलण्याची त्यांची ती शेवटची वेळ, कारण पुढच्याच महिन्यात तात्यांची बदली झाली आणि त्यांनी बिऱ्हाड ठाण्याला नेलं.

“मथू,” त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं मी मनात तुझ्याशी भांडत होते. म्हणायची, फुलात काही उतरत नाही, मथूचं बाळ माझ्या फुलांनी गेलं नाही. आता कळलं. तुझी फुलं स्वच्छ होती म्हणून माझी चिमी वाचली. माझी स्वच्छ नव्हती. तुझं बाळ मीच नेलं गं.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या मुलीला थोपटत होत्या. माझ्या पायाशी, पारिजातकाच्या बुंध्याभोवती, चांगीने आदल्याच आठवड्यात ओतलेलं खत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. तेवढ्याने त्यांचं ओझं उतरलं असतं.

मी म्हटलं, “वहिनी, ऊन चढलंय. बाळाला आत न्या.”

त्या मान हलवून आत गेल्या.